न कलणारी होडी

रिचमंडच्या ज्या धक्क्यावर आमची होडी असते, तिथं तिच्या दोन्ही बाजूंना लांबट, देखण्या, पोटाखाली शिशाचा जड कणा असलेल्या यॉट उभ्या असतात. आमची त्यांच्यात बसत नाही. लांबी ३१ फूट आणि रुंदी जवळजवळ १९. मधे मुख्य होडी, दोन्ही अंगांना तिच्याहून खूप बारीक असे दोन फ्लोट आणि तिन्हींना जोडणारा रुंद डेक. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात अशा ट्रायमरान अजून थोड्याफार दिसतात. बहुतेक प्लायवूडच्या, बहुतेक कुणीतरी घरामागच्या अंगणात बांधलेल्या. रुंदीमुळे धक्क्याचं भाडं जास्त पडतं, आणि शेजारच्या यॉटवरचे गृहस्थ मला बघितलं की विचारतात, "काय, कपाट कसं आहे तुमचं?"

ही होडी मी बांधलेली नाही. बांधली ती सॅक्रामेंटो खोऱ्यातल्या एका शिक्षकांनी, सत्तरच्या दशकात, समुद्रापासून कितीतरी आत. शाळेत ते मुलांना सुतारकाम शिकवत, म्हणून आमच्या घरात त्यांचं नाव 'मास्तर' असंच पडलं. शाळा सुटल्यावर आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत काम करायचं. मुख्य होडी जमिनीवर पालथी बांधली, मग गल्लीतले शेजारी गोळा करून, बिअर पाजून, उलथवून सरळ केली. रस्त्यानं नदीपर्यंत न्यायला घरं हलवणाऱ्यांचा ट्रक मागवावा लागला. पुढं तिनं मास्तरांना मेक्सिकोपर्यंत नेऊन आणलं. मी ती घेतली तेव्हा मास्तर ऐंशीच्या घरात होते आणि गुडघे साथ देत नव्हते. किंमत त्यांनी अगदीच मामुली सांगितली, पण एक अट घातली. शिडं नवी झाल्याशिवाय गोल्डन गेटच्या पुलाबाहेर जायचं नाही.

होडीबद्दल त्यांनी अट घातली नाही, शिडांबद्दल घातली. का, ते समजायला मला पुढचे बरेच महिने धूळ आणि दोरे खावे लागले.

त्याआधी या 'कपाटां'ची बदनामी कुठून आली ते सांगायला हवं. पन्नासच्या दशकाअखेरीस कॅलिफोर्नियात आर्थर पायव्हर नावाचा एक उत्साही गृहस्थ प्लायवूडच्या ट्रायमरान बांधू लागला. १९६० मध्ये 'निंबल' नावाची स्वतःची ३० फुटी होडी घेऊन त्यानं मॅसॅच्युसेट्सहून अझोर्समार्गे इंग्लंड गाठलं आणि मग होड्यांच्या नकाशांचा धंदाच सुरू झाला. ज्याला हातोडी धरता येते त्याला होडी बांधता येते, असा एकंदर सूर होता. लोकांनी तो मनावर घेतला. कुणी बांधकामाचं स्वस्त प्लाय वापरलं, कुणी खिळे वाचवले. सरळ उतरत्या वाऱ्यावर या होड्या सुसाट पळत, पण वाऱ्याच्या तोंडावर चढायला त्यांच्या पोटाखाली पुरेसं खोल पातं नसे. १९६८ मध्ये पायव्हर स्वतःच कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून एकटा निघाला आणि बेपत्ता झाला. त्याच वर्षी एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करायची 'गोल्डन ग्लोब' शर्यत सुरू झाली. तिच्यात त्याच्या 'व्हिक्ट्रेस' आराखड्याच्या दोन होड्या होत्या. नायजेल टेटलीची १९६९ च्या मे महिन्यात अझोर्सजवळ मोडून बुडाली, तो वाचला. डोनाल्ड क्रोहर्स्टची 'टीनमथ इलेक्ट्रॉन' जुलैमध्ये भर अटलांटिकमध्ये माणसाविना तरंगताना सापडली. क्रोहर्स्टच्या शेवटाला होडीपेक्षा आपण कुठं आहोत याबद्दल त्यानं रचलेलं खोटं जास्त कारणीभूत होतं, पण बंदरावरच्या गप्पांत एवढा फरक कोण करतो?

आमची होडी पुढच्या पिढीची. पायव्हरच्या वर्तुळात शिकलेल्या जिम ब्राउननं आखलेली 'सीरनर ३१'. ब्राउननं तीन गोष्टी मधे आणल्या: डोलकाठी मधे, बसायची जागा मधे आणि वरखाली होणारं खोल पातंही मधे. त्यामुळं होडी वाऱ्यावर चढते आणि वळते. तो स्वतः अशाच एका ३१ फुटी होडीतून, 'स्क्रिमशॉ'मधून, बायको आणि दोन मुलांना घेऊन सत्तरच्या दशकात लॅटिन अमेरिकेच्या किनाऱ्यानं हिंडला. नकाशांबरोबर बांधणीचं जाडजूड पुस्तक मिळायचं, जो हडसनच्या व्यंगचित्रांनी भरलेलं. मास्तरांची प्रत माझ्याकडे आहे. पानापानावर इपॉक्सीचे डाग आणि समासात पेन्सिलीनं केलेल्या बेरजा.

आता प्लायवूड. मराठी माणूस प्लाय घेतो तो स्वयंपाकघराच्या कपाटांसाठी, आणि दुकानदार 'सातशेदहा आहे साहेब, काळजी नको' म्हणतो. हा भारतीय मानकाचा क्रमांक, आयएस ७१०, म्हणजे मरीन प्लाय. त्याचा नमुना ७२ तास पाण्यात उकळून थर सुटतात का ते पाहतात. पण ही परीक्षा मुख्यतः गोंदाची. गोंद टिकला तरी लाकूड हे लाकूडच राहतं, आणि मास्तरांनी वापरलेलं डग्लस फर कुजायला फारसे आढेवेढे घेत नाही. बुरशीला ओल लागते, हवा लागते आणि थोडी ऊब लागते. खाऱ्या पाण्यात तिची वाढ नीट होत नाही. गोड्या पाण्यात होते. म्हणजे ही होडी समुद्रात असताना तिला समुद्राची भीती कमी आणि कॅलिफोर्नियातल्या हिवाळी पावसाची जास्त. डेकवरच्या एखाद्या कडीचा स्क्रू जरासा सैल होतो, भोकातून थेंब थेंब पाणी आत जातं, वरचा रंग छान चकचकीत राहतो आणि खाली भुसा.

हे मी मालवणला मामाला फोनवर मोठ्या थाटात सांगत होतो. त्याचं सगळं आयुष्य रापणीच्या होड्यांवर गेलं. मी बोलत होतो ते तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "झिला, ह्या माका सांगतंस? लाकडाक पावसाचा पाणी खाता, दर्याचा नाय. म्हणान तर पावसाळ्यात आमी होडी झापांच्या खोपीत घालतंव." मग त्यानं विचारलं, उलांडी कितीची आहे. मी म्हटलं, दोन आहेत, दोन्हीकडे. तो हसला. "दोन कित्याक? एक पुरता."

सुक्या दिवसांत मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं सगळी होडी वाजवत बसलो. चांगलं लाकूड टणटणतं, कुजलेलं बद्द वाजतं. जिथं बद्द वाजलं तिथं खडूनं गोल. शेवटी डावा डेक गोलांनी भरला, उजवा बराच सुटला, आणि मुख्य होडीचा तळ पूर्ण खणखणीत निघाला. मास्तरांनी तळाला आतून-बाहेरून इपॉक्सी पाजली होती. त्या काळात पुष्कळांनी स्वस्त पॉलिएस्टर रेझिन वापरलं. ते प्लायला नीट धरत नाही आणि काही वर्षांत काचेच्या कापडाचा पापुद्राच्या पापुद्रा सुटून येतो. मिशिगनच्या गूजन बंधूंनी इपॉक्सीची पद्धत रूढ केल्यावर लाकडी होड्यांचे दिवस खऱ्या अर्थानं फिरले. गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली 'म्हादेई', जिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली, तिचाही गाभा लाकडाचाच आहे. कपाटवाल्या शेजाऱ्याला मी हे एकदा ऐकवलं. त्यांनी फोनवर शोधून खात्री करून घेतली आणि पुढचा आठवडाभर कपाट हा शब्द काढला नाही.

कुजलेल्या जागी पातळ इपॉक्सी ओतून लाकूड 'घट्ट करण्याची' बाटली बाजारात मिळते. मला तो प्रकार पटत नाही. सडका भाग कापूनच काढायला हवा, कडा लांब उतरत्या तासायला हव्यात आणि तसाच उतार दिलेला नवा तुकडा चिकटवायला हवा. जाडीच्या निदान आठपट उतार. प्रत्येक स्क्रूचं भोक आधी मोठं पाडायचं, ते घट्ट इपॉक्सीनं भरायचं आणि वाळल्यावर त्यातच नवं बारीक भोक. म्हणजे स्क्रू लाकडाला शिवतच नाही. काम कंटाळवाणं आहे. त्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

शिडांबद्दल मात्र आहे.

मास्तरांची मोठी शिडं जुनीपुराणी झाली होती. नवं डॅक्रॉन हातात करकरतं, हे गळून मऊ पडलेलं. शिवणीवरून नख ओढलं की दोरा टिचकन तुटायचा. डॅक्रॉन म्हणजे पॉलिएस्टर, आपल्या वडिलांच्या पिढीचं टेरिलीन. मँचेस्टरच्या व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी १९४१ मध्ये शोधलेलं. उन्हानं आधी दोरा मरतो, मग कापड. कारण कापड इतकं घट्ट असतं की टाका त्यात रुतत नाही, वरच उघडा राहतो. पण दोऱ्याहून मोठी अडचण आकाराची होती. शीड सपाट कापड नसतं. त्याला पोट असतं, आणि ते पोट पुढच्या निम्म्यात, रुंदीच्या साधारण ४० ते ४५ टक्क्यांवर असावं लागतं. कापड वर्षानुवर्षं ताणलं की पोट वाढतं आणि मागं सरकतं. मग शीड होडीला पुढं कमी आणि आडवं जास्त ढकलतं.

साध्या यॉटवर अशा शिडानं काय होतं? ती कलते. कलली की शिडावरचा वारा वरून सांडून जातो, भार आपोआप कमी होतो आणि आतल्या माणसांचा चहा सांडतो, म्हणून तेही शीड आखडायला उठतात. ट्रायमरान कलत नाही. फ्लोट पाण्यात दाबून धरतो आणि ती जवळजवळ सपाट उभी राहते. वाऱ्याचा झपाटा आला की एकतर ती उसळून पळते, नाहीतर तो सगळा जोर शिडाच्या शिवणींवर, डोलकाठीच्या तारांवर आणि त्या तारा जिथं प्लायवूडला धरल्यात तिथं जातो. मास्तरांची अट इथून आली होती. चुकीच्या आकाराचं शीड न कलणाऱ्या होडीवर लावलं तर त्याची शिक्षा लाकडाला होते.

शीड बनवणाऱ्यानं मुख्य शिडाचा, म्हणजे मेनसेलचा, जो आकडा सांगितला तो मी होडीला मोजलेल्या पैशांच्या आसपास गेला. त्यात त्याचं काही चुकलं असं नाही, ते काम तेवढ्या किमतीचं आहे. पण बायको म्हणाली, "आपल्याकडे मशीन आहे, दोन माणसं आहेत. आपणच शिवू." तिनं आयुष्यात पिशव्या आणि मुलांचे फ्रॉक शिवले होते. मी बटणं लावली होती. पट्ट्या मोजमापानुसार यंत्रावर कापून, क्रमांक घालून मिळतात, त्यांचा संच मागवला. कापडाचं वजन साडेसहा औंस. हे औंस गमतीचे असतात. मोजतात ते ३६ इंच बाय साडेअठ्ठावीस इंच एवढ्या तुकड्याचं, पूर्ण चौरस यार्डाचं नाही. कुणी असं ठरवलं देव जाणे.

पट्ट्या आडव्या का असतात हे कापड उलगडल्यावर समजलं. शिडाच्या मागच्या कडेवर सर्वात जास्त ताण येतो. डॅक्रॉनचा आडवा धागा, म्हणजे बाणा, जास्त ताठ विणलेला असतो. तो त्या कडेला समांतर यावा म्हणून पट्ट्या तिला काटकोनात लावायच्या. तिरकं ओढलं तर कोणतंही विणलेलं कापड ताणतं. ही तिरकी ओढ जिथं टाळता येत नाही तिथं, म्हणजे तिन्ही कोपऱ्यांत, थरावर थर.

पोट कसं येतं? दोन पट्ट्यांची कड सरळ जोडली तर शीड सपाट होईल. म्हणून प्रत्येक जोडाची एक कड किंचित वक्र कापलेली असते. डोलकाठीच्या बाजूला काही मिलिमीटर जास्त कापड शिवणीत जातं. सगळ्या जोडांचे ते मिलिमीटर मिळून शिडाला फुगवटा देतात. शिंपी ब्लाउजला टक्स घालतो, तत्त्व तेच. दुहेरी चिकटपट्टीनं जोड आधी चिकटवायचा, मग त्यावरून झिगझॅग शिवण, दोन ओळी. सरळ टाका चालत नाही. कापड ताणलं की सरळ टाक्याचा दोरा तुटतो, झिगझॅगचा थोडा उघडून परत बसतो.

आमच्या दिवाणखान्यात सोफे भिंतीला लावले आणि महिनोन्‌महिने जमीन दिसली नाही. शीड दोन्ही बाजूंनी गुंडाळत नळी करायची, मशीनच्या मानेखालून ती नळी जायला हवी. बायको मशीनवर, मी समोरून नळी ओढायला आणि मुलगी बाजूला कपड्यांच्या चिमट्यांनी गुंडाळी धरायला. पट्ट्या वाढल्या तसं वजन वाढलं. "ही नऊवारी नाही, नव्वदवारी आहे," बायको म्हणाली. तिच्या लक्षात जी गोष्ट पहिल्यांदा आली ती मला पुस्तकातून समजलेली नव्हती. ओढायचं नाही. कापड ओढलं की दोन थर वेगवेगळे ताणतात, जोडाच्या शेवटी खुणा जुळत नाहीत आणि पुढच्या पट्टीपासून सगळं शीड वाकडं व्हायला लागतं. मशीनला जेवढं हवं तेवढंच तिनं द्यायचं, मी फक्त वजन उचलून धरायचं. कडा कापायला तापलेली सुरी. तिनं धागे वितळून बंद होतात, पण घरभर वास राहतो. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा काय जळतंय म्हणून दार वाजवलं. त्यांना शीड दाखवल्यावर त्या तासभर बसल्या.

कोपऱ्यांत कापडाचे इतके थर येतात की घरगुती मशीन तिथं मान टाकते. तिथं हातशिवण. तळहाताला चामड्याचा पट्टा, त्यात धातूची बसकी, तिनं सुई रेटायची. मेण लावलेला जाड दोरा. कडी बसवायला कापडाला भोक पाडून तिच्याभोवती टाका फिरवत जायचं. या कामात मात्र माझा हात बसला आणि आजही कोपरे माझ्याकडेच असतात.

शीड आखडून छोटं करायच्या, म्हणजे रीफच्या, ओळी तीन घातल्या. किनाऱ्यालगत फिरणारे बरेच जण दोनच घालतात. मास्तर म्हणाले, "तिसरी कापडाला जड पडत नाही. वापरली नाहीस तर नुकसान काय?"

मधल्या ताणतारेवरचं छोटं शीड, स्टेसेल, यासाठी संच घ्यायचा नाही असं ठरवलं. आकार छोटा होता आणि आतापर्यंत आमची भीती मोडली होती. पण आखायला मोठी, सपाट जमीन हवी. आमच्या मराठी मंडळींचा गणेशोत्सव ज्या शाळेच्या हॉलमध्ये होतो तिथली लाकडी जमीन आठवली. मिरवणूक, आरती, पुलाव सगळं आवरल्यावर भाड्याचे काही तास उरले होते. तिथं खिळे ठोकता येत नाहीत, म्हणून कोपऱ्यांना डंबेल ठेवले, सुतळी ताणली, लवचीक लाकडी पट्टी वाकवून कडांचे वक्र आखले. ढोल आवरणारी मुलं भोवती जमली. एकानं विचारलं, "काका, हे विसर्जनाला?" दोन सुतळ्यांच्या मधे हॉलभर पसरलेलं ते पांढरं कापड बघून तो प्रश्न अगदीच वेडगळ नव्हता.

शिडं चढली तो दिवस चांगला होता, पण खरं समजलं ते पुलाबाहेर. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाचं अंतर्गत खोरं तापतं, तिथली हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा गोल्डन गेटच्या फटीतून आत ओढली जाते. दुपारी २० ते २५ नॉटचा वारा इथं रोजचा. ओहोटी त्याच्या उलटी चालली असेल तर पुलाखाली पाणी उभ्या भिंती करतं. सकाळी वारा उतरलेला असताना बाहेर पडायचं, हा इथला रिवाज. बाहेर आल्यावर दक्षिणेला वळलो की वायव्येचा वारा पाठीशी, आणि हाफ मून बेजवळचं पिलर पॉइंट बंदर दुपारपर्यंत गाठता येतं.

पाठीशी वारा असताना ही होडी फार गोड वागते. खरा वारा २२ नॉट, होडी ९ नॉटनं पळतेय, म्हणजे डेकवर जाणवतो तो फक्त १३. कलणं नाही, आवाज नाही. बायको खाली पोहे परतत होती. त्याच क्षणी काही कारणानं वाऱ्याकडे तोंड वळवावं लागलं, समजा माणूस पडला किंवा खेकड्यांच्या सापळ्याचा दोर अडकला, तर होडीचा वेग वाऱ्यात मिसळून जाणवणारा वारा २८ च्या घरात जातो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. १३ चे २८ झाले म्हणजे शिडावरचा भार चौपटीहून जास्त. होडीनं तोवर काहीच सांगितलेलं नसतं.

म्हणून मास्तरांनी होकायंत्राशेजारच्या फळीवर तीन आकडे पेन्सिलीनं लिहून त्यावर वॉर्निश मारलं होतं. १८, २४, ३०. खरा वारा १८ झाला की पहिला रीफ, २४ ला दुसरा, ३० ला मेनसेल पूर्ण खाली आणि नुसतं स्टेसेल. अंगाला काय वाटतंय, होडी किती मजेत आहे, इकडं लक्ष द्यायचं नाही. पाठीशी वारा असेल तर वाऱ्याच्या यंत्रावरच्या आकड्यात होडीचा वेग मिळवायचा आणि मग फळी बघायची. त्या दिवशी पोहे होण्याआधी पहिला रीफ घेतला. होडीचा वेग अर्धा नॉटसुद्धा कमी झाला नाही. शेजारून जाणाऱ्या एका यॉटवरचे लोक अजून पूर्ण शिडावर होते, चांगलेच कलून, चेहऱ्यावर पाणी घेत. त्यांच्यासाठी ते ठीक होतं. त्यांच्या होडीला उलटून परत सरळ व्हायची सोय आहे.

आमच्या होडीला ती नाही. आई भारतातून आली तेव्हा तिनं हाच प्रश्न विचारला, उलटली तर? मी खरं सांगितलं. उलटली तर उलटीच राहते, पण बुडत नाही. लाकूड आहे, शिसं नाही, आणि आत हवाबंद कप्पे आहेत. पालथ्या होडीवर बसून मदतीची वाट बघता येते. आईनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे तेवढं तरी बरं. पण तू उलटवू नकोस." मग ती दिवसभर मधल्या जागेत मांडी घालून बसली, चहा घेतला आणि उपसागरातल्या तीन फुटी लाटांवर स्वेटर विणत राहिली. शेजारच्या यॉटवर हे शक्य नाही, एवढं मी आमच्या बाजूनं नोंदवतो.

मास्तर शेवटचे होडीवर आले ते नवी शिडं बघायला. दोघांनी धरून त्यांना डेकवर घेतलं. मेनसेल अर्धवट वर करून त्यांनी जोडावर बोट फिरवलं, टाक्याची रुंदी विचारली, कोपऱ्यातली हातशिवण उलटून पाहिली. "तुझी?" मी हो म्हटलं. "आणि या लांब ओळी तिच्या." हे त्यांनी विचारलं नाही, सांगितलं. मग त्यांनी वाकून पाण्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. डावा आणि उजवा, दोन्ही फ्लोट पाण्यात बसले होते. या होडीचे फ्लोट उभ्या जागी पाण्याला जेमतेम टेकलेले असावेत, एका वेळी एकच. दोन्ही बुडाले म्हणजे होडीत सामान जास्त झालं. मग ओढ वाढते, लाटा डेकच्या खालच्या अंगावर आपटतात आणि हलकेपणासाठी सोसलेला सगळा प्लायवूडचा खटाटोप वाया जातो. होडीत राहून हिंडणारे लोक हळूहळू घर भरत जातात, वाऱ्याहून जास्त ट्रायमरान तेच मारतात, असं त्यांचं मत होतं.

त्यांनी कप्पे उघडायला सुरुवात केली. मी वस्तू धक्क्यावर मांडत गेलो. दुसरा नांगर राहू दिला, त्याची साखळी काढून त्या जागी दोर घ्यायला सांगितला. हत्यारांची दुसरी पेटी. जुन्या इंजिनाचे सुटे भाग, जे इंजिन होडीवर आता नाहीच. पुस्तकं, त्यात त्यांचं स्वतःचं बांधणीचं पुस्तक. "हे घरी वाच." तांदळाची दहा किलोची पिशवी बघून ते माझ्याकडे बघत राहिले. मी ती निमूटपणे उचलली. पुढच्या कप्प्यातून पाच लिटरचा प्रेशर कुकर निघाला. त्यांनी तो हातात तोलला आणि धक्क्याकडे वळले.

बायको खालून वर आली. "तो राहणार," ती मराठीतच म्हणाली. मास्तरांना शब्द कळला नाही, अर्थ कळला. त्यांनी कुकर परत कप्प्यात ठेवला, शिटी तेवढी काढून तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "ठीक आहे, पण मग तो दुसरा तवा गेला."

तवा गेला. धक्क्यावरचा ढीग आम्ही गाडीत भरला तेव्हा उजवा फ्लोट पाण्यापासून दोन बोटं सुटलेला होता, आणि मास्तर पेन्सिल मागत होते.